नागीन डान्सपासून डीजेपर्यंत : आपल्या गल्लीतल्या संगीताचा न लिहिलेला इतिहास

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.)

राजेहो, एक साधा प्रश्न. आपल्या वर्धा जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक संगीत कधी आलं?

कॉलेजच्या पोट्ट्यांना विचारा. ते म्हणतील, जिओ आल्यावर. म्हणजे सप्टेंबर २०१६ नंतर. डेटा स्वस्त झाला आणि आर्वी नाक्यावर चहा पिणाऱ्या पोराच्या कानात नॉर्वेचा अॅलन वॉकर वाजायला लागला. मागच्या दुर्गोत्सवात मी अशा चार-पाच जणांचा वाद ऐकला. एकाचं म्हणणं, अॅलन वॉकरच्या वर कोणी नाही. दुसरा म्हणे, "तुले काय समजते बे, न्यूक्लिया ऐक, छाती हालते." तिसरा 'तांबडी चामडी'वाल्या क्राटेक्सच्या बाजूनं होता, कारण काय तर तो मराठीत वाजवतो. चौथा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे सारे ठीक आहे, पण आपल्या इथल्या गाडीचा बेस यांच्यापैकी एकाले तरी येते काय?"

त्यांच्या शेजारी बसलेले एक रिटायर्ड गुरुजी वैतागून म्हणाले, हे काय संगीत आहे का? मशिनीचा आवाज आहे नुसता. ना सूर, ना वाद्य. आमच्या वेळी असं नव्हतं.

गुरुजींचं वय लक्षात घेता त्यांच्या लग्नाच्या वरातीत नागीन डान्स झालेला असणार. बँडवाल्यानं बीन वाजवली असेल, मित्रांनी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळण घेतली असेल. आणि राजेहो, ती बीन हेच इलेक्ट्रॉनिक संगीत होतं.

१९५४ साली 'नागीन' सिनेमा आला. संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली बीन गारुड्याच्या पुंगीतून आलेली नाही. ती वाजवली होती हेमंतकुमारांचे तेव्हाचे सहायक कल्याणजी यांनी, जे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले. वाद्य होतं क्लॅव्हिओलिन. १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन या माणसानं तयार केलेलं छोटंसं कीबोर्ड. आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर, आणि आवाज विजेतून तयार होणारा. जगात ज्यांचं एवढं नाव, त्या बीटल्सनी हेच वाद्य आपल्या गाण्यात वापरलं १९६७ साली. म्हणजे आपल्यानंतर १३ वर्षांनी.

तर आपल्या गावातली माणसं इलेक्ट्रॉनिक वाद्यातून निघालेल्या सुरावटीवर सत्तर वर्षांपासून नाचताहेत. सिनेमात ते वाद्य मशीनचं होतं, बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर उतरवून घेतलं. पुढं कॅसिओ आल्यावर ते परत विजेच्या वाद्यावर गेलं. नाचणाऱ्यानं कधी विचारलं नाही की हा सूर आला कुठून. चांगलं वाजलं, नाचलो, संपलं.

हे 'संपलं' मला खटकतं. पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

आता थोडं अहमदाबादला जाऊ. वर्ध्याच्या माणसाला तिथला एक धागा ओळखीचा वाटेल.

१९१५ साली गांधीजींनी अहमदाबादला कोचरबमध्ये आश्रम काढला. आश्रमात एका दलित कुटुंबाला घेतलं आणि देणग्या बंद झाल्या. आश्रम मोडायची वेळ आली. तेव्हा एक शेठ मोटारीतून आले, १३ हजार रुपये हातात देऊन निघून गेले. ते शेठ म्हणजे अंबालाल साराभाई. ते पैसे आले नसते तर पुढचं साबरमती, वर्धा, सेवाग्राम सगळं कसं घडलं असतं कोण जाणे.

याच अंबालाल शेठच्या मुलीचं नाव गीता साराभाई. पखवाज वाजवणारी बाई, त्या काळात. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं, त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. पुढं केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग सिंथेसायझर घेऊन आला. तिथं देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथूर अशा काही जणांनी तिथं टेपवर प्रयोग केले. १९७२ च्या सुमारास ते काम थांबलं. टेपा कपाटात गेल्या.

किती वर्षं? जवळपास पन्नास. मग पॉल पर्गस नावाचा इंग्लंडचा एक संगीतकार तिथं आला, त्यानं टेपा शोधल्या, साफ करून घेतल्या. २०२३ साली त्यांचा अल्बम निघाला. तोवर आपल्यापैकी कोणाला पत्ता होता?

दुसरी गोष्ट मुंबईची. ही तर पोट्ट्यांनी पाठच करावी अशी आहे.

चरणजित सिंग नावाचा माणूस हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गिटार, बेस, कीबोर्ड वाजवायचा. लग्नात, पार्ट्यांतही वाजवायचा. त्यानं सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली. एक मोठा सिंथेसायझर ज्युपिटर ८, एक ढोलकी-ड्रमचा ठेका देणारं टीआर ८०८, आणि एक चपटी चंदेरी पेटी, टीबी ३०३. ही पेटी जपान्यांनी बनवली होती बेस गिटारच्या बदल्यात. एकट्या वादकाला साथीला बेस मिळावा म्हणून. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा येईचना. खपली नाही. १९८४ पर्यंत कंपनीनं ती बनवणंच बंद केलं.

चरणजितनं १९८२ साली या तीन यंत्रांवर दहा राग बसवले. भैरव, ललित, यमन... खाली डिस्कोचा ठेका. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. फारशी चालली नाही. कोणी दखल घेतली नाही.

काही वर्षांनी अमेरिकेत शिकागोच्या काळ्या पोरांच्या हाती तीच टीबी ३०३ पेटी सेकंडहँड लागली. त्यांनी तिची बटणं पिळून एक चिरकणारा, वितळल्यासारखा आवाज काढला. फ्यूचर नावाच्या ग्रुपच्या १९८७ सालच्या त्या रेकॉर्डपासून 'अॅसिड हाउस' नावाचं संगीत सुरू झालं असं जग मानतं. पुढं त्यातूनच युरोपभर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, मग गोव्याच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावरचा ट्रान्स, मग २००७ पासूनचं सनबर्न.

२००२ मध्ये एदो बाउमन नावाच्या एका डच माणसाला दिल्लीत जुन्या रेकॉर्ड चाळताना चरणजितची ती रेकॉर्ड सापडली. त्यानं लावून ऐकली आणि उडालाच. शिकागोच्या पोरांच्या पाच वर्षं आधी, त्याच पेटीतून, तसाच आवाज! २०१० साली त्यानं ती पुन्हा काढली. युरोपातले लोक वेडे झाले. सत्तरीच्या घरातला हा माणूस तिकडं जाऊन वाजवून आला. २०१५ मध्ये मुंबईत वारला.

चरणजितनं अॅसिड हाउस 'शोधलं' असं काही लोक छाती फुगवून सांगतात. ते बरोबर नाही. शिकागोवाल्यांनी त्याचं काही ऐकलेलं नव्हतं. दोघांनी आपापल्या जागी एकाच फसलेल्या यंत्रातून काहीतरी काढलं, एवढंच. पण शिकागोच्या गल्लीला इतिहास मिळाला आणि मुंबईच्या माणसाला तो मिळायला २८ वर्षं लागली. तीही परक्याच्या कृपेनं.

यादी इथं थांबत नाही. स्टुडिओत पडद्यामागं वाजवणाऱ्या आपल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक लिहिलं ग्रेगरी बूथ यांनी. ते न्यूझीलंडला प्राध्यापक. आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवरचं पुस्तकही त्यांचंच. आपल्याकडच्या कॅसेटच्या धंद्यावर १९९३ साली पुस्तक लिहिलं पीटर मॅन्युएल या अमेरिकन माणसानं. आपण नाचलो, त्यांनी लिहून ठेवलं.

बरं, हे झालं मुंबई-अहमदाबादचं. आपल्या जिल्ह्याचं काय? इथून पुढचं मी पाहिलेलं, ऐकलेलं सांगतो.

मी शाळेत होतो तेव्हा गॅदरिंगला कॅसिओवाला यायचा. कॅसिओ ही कॅलक्युलेटर, घड्याळं करणारी जपानी कंपनी. १९८० पासून तिनं स्वस्त कीबोर्ड काढले आणि ते इतके पसरले की आपल्याकडं कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. यामाहाचा असला तरी "यामाहाचा कॅसिओ"! बटण दाबलं की ठेका सुरू. तबलजी नको, ढोलकीवाला नको. एक माणूस आणि एक पेटी, की आर्केस्ट्रा तयार. गावातले पेटीमास्तर नाराज झाले, पण भजनी मंडळातल्याच एखाद्या पोरानं पैसे जमवून कॅसिओ घेतला आणि लग्नाच्या हळदीला वाजवायला लागला.

त्याच सुमारास कॅसेटचं राज्य आलं. गुलशनकुमारांच्या टी-सिरीजनं एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पंधरा-वीस रुपयांत कॅसेट. आपल्या पसंतीची गाणी कागदावर लिहून द्यायची आणि दुकानातून 'कॅसेट भरून' घ्यायची. आज पोरं प्लेलिस्ट म्हणतात, ती आम्ही बॉलपेननं लिहायचो. भीमगीतं घराघरांत पोचली ती याच कॅसेटीतून. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून जे रुजवलं, प्रल्हाद शिंद्यांच्या, विठ्ठल उमपांच्या गळ्यातून जे आलं, ते कॅसेटमुळं लाउडस्पीकरवर चढलं. आणि तिथंच ढोलकीच्या जोडीला सिंथेसायझर, ड्रम मशीन ऐकू यायला लागली. जयंतीच्या मिरवणुकीत जे इलेक्ट्रॉनिक आज वाजतं, त्याचं मूळ तिथं आहे. ते परदेशातून आलेलं नाही.

मग धुमाल आला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना धुमाल सांगावा लागतो, आपल्याला नाही. नागपूर आणि छत्तीसगड ही त्याची खास जागा. आपल्याकडं बरेच जण त्यालाच संदलही म्हणतात, कारण दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीत तो वाजतो. गणपती-दुर्गेतही तोच वाजतो आणि लग्नातही तोच. गाडीवर ढोल-ताशे, सोबत कॅसिओ, आणि सगळ्यांचा राजा पॅडवाला. पॅड म्हणजे रोलँडचं ऑक्टोपॅड, १९८५ साली निघालेलं. आठ रबरी चौकोन, काडीनं मारायचे. कुठल्या चौकोनातून कुठला आवाज काढायचा ते आपण ठरवायचं. जपान्यांनी ते स्टुडिओतल्या ड्रमरसाठी केलं असेल, पण आपल्या पॅडवाल्यानं त्यात ताशा भरला, डफडं भरलं, शिट्टी भरली. कंपनीच्या पुस्तकात हे नव्हतं.

कोकणात आणि मुंबईत याच जागेवर बेंजो पार्टी आहे. बेंजोची गोष्टही मजेची. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेलं तैशोगोतो हे टाइपरायटरसारख्या बटणांचं तंतुवाद्य, भारतात आलं आणि बुलबुलतरंग झालं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून अॅम्प्लिफायरला जोडलं आणि झाला बेंजो. यंत्र बाहेरून येतं, त्याचं काय करायचं ते आपली गल्ली ठरवते. क्लॅव्हिओलिनपासून आजच्या डीजेपर्यंत हेच चाललंय.

आणि मग डीजे. शब्द बघा कसा बदलला. इंग्रजीत डीजे म्हणजे रेकॉर्ड वाजवणारा माणूस. आपल्याकडं डीजे म्हणजे गाडी, डबे, जनरेटर, लाइट, माणूस, सगळं मिळून. "डीजे सांगितला का?" म्हणजे माणूस सांगितला का असा अर्थ होत नाही. पूर्वी हे काम बिछायत केंद्रवाल्याचं होतं. मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी आणि सोबत दोन भोंगे. नंतर भोंगे जाऊन बॉक्स आले, बॉक्स जाऊन अठरा इंची बेसचे डबे आले आणि साऊंडवाला बिछायतीपासून वेगळा झाला. गाणी मिसळणारा पोरगा लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडून बसतो. हे सॉफ्टवेअर बेल्जियमच्या कंपनीचं, १९९७ पासूनचं. त्यात तो जुन्या भीमगीताला नवा ठेका लावतो, देवीच्या गाण्याला ड्रॉप देतो, आणि मधेच स्वतःच्या नावाचा टॅग टाकतो. "डीजे अमुकतमुक, वर्धा!"

त्या टॅगला लोक हसतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. चरणजितच्या पिढीतल्या वादकांची नावं सिनेमाच्या पाटीवर येत नव्हती. क्लॅव्हिओलिनवर बोट कोणाचं होतं हे नाचणाऱ्याला माहीत नव्हतं. हा पोरगा मात्र गाण्याच्या आतच नाव कोरून ठेवतो. कोणी लिहिणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून.

एक उदाहरण जमैकाचं देतो. लहानसा देश, गरिबी. १९५० च्या दशकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत लोक भल्यामोठ्या स्पीकरच्या भिंती रचायचे आणि रस्त्यावर नाच व्हायचा. दोन साऊंडवाले समोरासमोर उभे राहून स्पर्धा करायचे. अगदी आपल्याकडं दोन डीजे समोरासमोर येतात तसं. तिथले शहाणे लोकही कानावर हात ठेवून म्हणायचे, काय हा गोंधळ! त्या गोंधळातून रेगे आलं, डब आलं. जमैकातच जन्मलेला कूल हर्क नावाचा पोरगा न्यूयॉर्कला गेला आणि १९७३ मध्ये त्यानं केलेल्या पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मोजतात. २०१८ मध्ये युनेस्कोनं रेगेला जगाचा वारसा म्हणून यादीत घेतलं.

न्यूक्लियाचंच बघा. उदयन सागर त्याचं खरं नाव. 'बास रानी' २०१५ चं, 'राजा बाजा' २०१६ चं. नावातच बाजा आहे. रस्त्यावरच्या मिरवणुकीचा आवाज उचलून त्यानं तिकिटाच्या मंचावर नेला आणि शहरातल्या पोरांनी हजारो रुपये देऊन ऐकला. तोच आवाज आपल्या गल्लीत फुकट वाजतो तेव्हा त्याला धिंगाणा म्हणतात. हा फरक संगीताचा आहे की वस्तीचा, याचा प्रत्येकानं विचार करावा.

आता दुसरी बाजू. नाही लिहिली तर ही पोस्ट लबाडीची होईल.

आवाज. कायदा आहे २००० सालचा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये साऊंडवाल्यांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली, दिलासा मिळाला नाही.

डेसिबल हे मोजमाप फसवं आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद १० पट होते. म्हणजे ५५ वरून १०० वर गेलं तर दुप्पट होत नाही, तीस हजार पटीच्या वर जाते. कानाचं म्हणाल तर कामगारांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेत जो हिशोब धरतात तो असा : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतील. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! आपली मिरवणूक चालते चार-पाच तास. त्यातही डब्यांच्या सर्वांत जवळ कोण असतं? नाचणारे पोट्टे आणि गाडीवरचा ऑपरेटर. ज्याचं या संगीतावर सर्वांत जास्त प्रेम, त्याचाच कान आधी जातो. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. चाळिशीत ज्याला 'स' आणि 'फ' यातला फरक कळेनासा होतो, त्याला अॅलन वॉकर काय आणि न्यूक्लिया काय.

आणि बेस लांब जातो. भिंतीतून जातो. बाजूच्या घरातलं तान्हं लेकरू, हृदयाचा पेशंट, परीक्षेला बसलेली पोरगी यांनी काय करायचं? "वर्षातून एकदाच तर असते" हे उत्तर प्रत्येक जण देतो. गणपतीवाले, जयंतीवाले, संदलवाले, वरातवाले, निवडणूक जिंकलेले. सगळ्यांचं एकदाच मिळून वर्षाचे किती दिवस होतात ते मोजा. कायदा लावायचा तर सगळ्यांना एकच लावा. एकाच्या मिरवणुकीत मीटर बाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या मिरवणुकीत खिशात ठेवायचं, असं होता कामा नये.

आंबेडकरी चळवळीतली जाणती माणसं कित्येक वर्षांपासून म्हणताहेत, जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा. तो वाद त्यांनी स्वतःच्या घरात उभा केला, याचा मला आदर आहे. बाकीच्या मंडळांनीही आपापल्या घरात तो उभा करावा. फक्त एक. आवाज कमी करा म्हणणं वेगळं आणि हे संगीतच नाही म्हणणं वेगळं. पहिलं बरोबर आहे. दुसरं म्हणताना नागीन डान्स आठवावा.

आणखी एक गोष्ट मनात आहे. धुमालच्या गाडीवर दहा-पंधरा माणसांना काम मिळायचं. डीजेच्या गाडीवर तीन-चार जणांत भागतं. बँडवाल्याला कॅसिओनं हटवलं, कॅसिओला डीजेनं, आणि उद्या डीजेला आणखी काहीतरी हटवेल. प्रत्येक वेळी जो मागं पडतो तो हात झटकून दुसऱ्या कामाला लागतो. कोणी हमाली करतो, कोणी ऑटो चालवतो. त्याच्यासोबत त्याचे ठेके जातात. कुठल्या गावात कुठला ठेका कोणी बसवला, पॅडमध्ये डफड्याचा आवाज पहिल्यांदा कोणी भरला, पहिली डीजेची गाडी आर्वीत आली की हिंगणघाटात, हे सांगणारी माणसं आज जिवंत आहेत. साठीच्या आत-बाहेर आहेत. पेपरात डीजेची बातमी येते ती 'कारवाई', 'जप्त', 'गुन्हा दाखल' एवढ्याच शब्दांत. पन्नास वर्षांनी कोणी हे अंक चाळले तर त्याला वाटेल, वर्ध्यात डीजे फक्त पोलीस ठाण्यात वाजायचा.

आणि नवं तर जुन्याहून लवकर मरतंय. कॅसेट निदान माळ्यावर पडून राहायची. आजच्या पोराचं गाणं मेमरी कार्डात असतं, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर असतं. लॅपटॉप बिघडला, पाच वर्षांची कमाई गेली. यूट्यूबवर टाकलं तर मूळ गाण्याच्या हक्कावरून कंपनी ते काढायला लावते. एनआयडीच्या टेपा पन्नास वर्षं कपाटात टिकल्या. आपल्या पोट्ट्यांचा पेनड्राइव्ह पाच वर्षं टिकला तरी पुष्कळ.

म्हणून माझी मागणी. सरकारकडं नाही, तुमच्याकडं.

तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील, स्थानिक आर्केस्ट्राच्या, भीमगीतांच्या, धुमालच्या, लग्नात रेकॉर्ड केलेल्या, तर फेकू नका. वरचं कव्हर आणि मागचं नावांचं पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. तुमच्या ओळखीत कोणी कॅसिओवाला, पॅडवाला, बेंजोवाला, भोंगेवाला असेल तर त्याच्याजवळ अर्धा तास बसा. चार गोष्टी विचारा : वाद्य कुठून आणलं, कितीला आणलं, कोणाकडून शिकला, पहिल्यांदा कुठं वाजवलं. फोनवर रेकॉर्ड करा, त्याची परवानगी घेऊन. आणि पोट्टेहो, तुम्ही स्वतः जे बनवता त्याच्या फाइलवर तारीख, गाव आणि नाव लिहा. नुसतं 'फायनल मिक्स न्यू २' नको. एक कॉपी दुसऱ्या कोणाकडं ठेवा. कानात कापसाचा बोळा नको, दुकानात मिळतात ते इअरप्लग घाला, फार महाग नसतात.

मी एक वही सुरू केली आहे. तालुक्यानुसार आठ भाग पाडलेत : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. आतापर्यंत दोन भागांत थोडंफार लिहून झालंय, सहा कोरे आहेत. तुमच्या गावात हा आवाज पहिल्यांदा कोणी आणला, ते खाली लिहा किंवा मला सांगा. आठवण चुकीची असली तरी चालेल, दुसरा कोणी दुरुस्त करेल. परदेशातून माणूस येऊन विचारायच्या आत आपण आपसात विचारून घेऊ.